बारी आमची आहे

वच्छला,

तुझी तेरवी परवा झाली. मांडवात माईक लावला होता. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. तू मायाळू होतीस, शांत होतीस, कुणाला कधी उलटून बोलली नाहीस, असं एकेक जण उठून सांगत होता. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई कोण? मला तर तू भेटल्यापासून उलटूनच बोलत आलीस. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं "नाई व सुमन" सुरू व्हायचं.

माईक माझ्याकडेही आला होता. तुझ्या भजन मंडळातल्या बायका म्हणाल्या, "बोला ना सुमनबाई, तुमी तर जवळच्या." मी हात हलवून नको म्हटलं. मांडवात बोलायला जे लागतं ते माझ्यापाशी नव्हतं, आणि माझ्यापाशी जे आहे ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं राहिलं होतं. म्हणून आज बोलते.

तुझ्या घरासमोर माझी अंगणवाडी. पोरांच्या खिचडीत टाकायला तू शेवग्याचा पाला आणून द्यायचीस, आणि पोरं घरी गेली की मला चहाला हाक मारायचीस. मी तुझ्या बाहेरच्या सपरीत बसायची, तू उंबऱ्यात. तुझ्या मागे स्वयंपाकघरातली घासलेली पितळी भांडी फळीवर दिसायची. मी किती वर्षं ती भांडी बाहेरूनच पाहिली. आत ये, असं तू कधी म्हणाली नाहीस आणि मी कधी उठले नाही. आम्ही विहारातले, तुम्ही देवळातले. अर्जुनीत हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. त्याचं मला वाईट वाटायचं का? वाटायचं. तुला ते ठाऊक होतं का, हे मला आजही माहीत नाही. चहा मात्र तू दोघींचा एकाच भांड्यात करायचीस आणि माझ्यात साखर जास्त टाकायचीस. तेही खरं आहे.

मृग लागायच्या आधी एका सकाळी बाजाराच्या मैदानामागच्या झोपड्या सरकारी मशीन लावून काढल्या. पाटे-वरवंटे टाचणारी कुटुंबं राहायची तिथं. त्यांचे बाप-आजे इथंच दगड फोडत म्हातारे झाले, पण जागा त्यांच्या नावावर नव्हती. माणसं पोराबाळांसकट शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसली. त्या संध्याकाळी आमच्या विहारात बायकांची बैठक होती. तू आलीस आणि पायरीपाशी उभी राहिलीस.

"तुमी काय ठरवून राहिल्या?" तू विचारलंस.

"आजचं आणि उद्याचं जेवण आम्ही देतो," मी सांगितलं.

"आन् परवा?"

वहीत मी दोनच दिवसांचा तांदूळ मांडला होता.

"परवा काय खातीन ते? आन् शाळा सुरू झाली का मास्तर तठून उठवन. मंग?" तू पायरीवरच बसलीस. "माह्यं आयका. एक पंधरवडा आमच्या सभामंडपात राहू द्या, एक तुमच्या विहारात. मशिदीवाल्यांले बी विचारू. त्यांचा शादीखाना पावसाळ्यात रिकामाच राहते. ज्याची बारी त्यानं झोपाची जागा द्याची, सैपाक समद्यांनी मिळून कराचा."

"तुमचा देव ऐकेल?" मी मुद्दाम विचारलं.

"देव तर आयकतेच व. पंच आयकत नाईत. त्यायले मी पाहतो."

दुसऱ्या दिवशी तू आणि मी रजिया भाभींकडे गेलो. बाजारात बांगड्या विकणाऱ्या भाभी मशिदीतल्या बायकांत सगळ्यांत वडील. त्यांनी आपलं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शादीखाना तो है, पर पंखा बंद है. चलेगा क्या?" तू म्हणालीस, "पंख्याचं काय घेऊन बसल्या भाभी, त्यायच्यापाशी छप्पर बी नाई." एवढ्यावर ठरलं.

पहिली बारी विहाराची आली, मग देवळाची, मग शादीखान्याची. मुलं एका जागी रुळायच्या आत पुन्हा गाठोडी बांधायला लागायची, याचं तुला फार वाईट वाटायचं. जागा बदलायच्या दिवशी तू पोरांना घेऊन सगळ्यांत पुढे चालायचीस आणि जत्रेला निघाल्यासारख्या गप्पा सांगायचीस. त्या पोरांना तो पावसाळा जत्रेसारखाच आठवत असेल. त्यांच्या आयांना कसा आठवतो, ते मी विचारलेलं नाही.

आपलं भांडण कांदे चिरताना लागलं. तू म्हणालीस, "मोठं पुण्याचं काम होऊन राहिलं." मी म्हटलं, "पुण्य कायचं? ही माणसं याच गावात जन्मली. त्यांना जागा मिळणं हा त्यांचा हक्क आहे. आपण भात देऊन पुण्य कमावतो आणि गाव हात झटकून मोकळं होतं."

तू विळी आडवी केलीस. "हक्कानं आज पोट भरन का?"

"पुण्यानं उद्या छप्पर मिळेल?"

"दोनों बाद में लड़ना," रजिया भाभी म्हणाल्या. "पहले दाल देखो, नीचे लग रही है."

लाखोळीची डाळ खरंच बुडाला लागली होती. ती आपण तशीच वाढली आणि कुणी नाव ठेवलं नाही.

जागेसाठी मी तहसील कचेरीत चकरा मारत होते. साहेब भेटायचा नाही, भेटला तर बसा म्हणायचा नाही. एक दिवस तू माझ्यासोबत आलीस. डोक्यावरचा पदर सावरून त्याच्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "साहेब, हे माणसं आमच्या देवळात झोपून राहिले. देवळात कायमचं कसं ठेवाचं? तुमीच सांगा, तुमी जागा दाखवता का आमी देव बाहेर काढू?" साहेब हसला. त्याने शिपायाला खुर्च्या आणायला सांगितल्या, आणि त्या दिवसापासून कागद हलू लागला.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "पाह्य. हक्क म्हणून सांगतलं असतं तर खुर्ची तरी भेटली असती का?"

"हक्क म्हणून सांगितल्यावरच भेटायला पाहिजे," मी म्हटलं. बस स्टँडपर्यंत आपण भांडत गेलो. तुझी चप्पल तुटली तरी तू थांबली नाहीस, ती हातात घेऊन भांडत राहिलीस. मी अजूनही म्हणते की माझंच बरोबर होतं. पण तू "नाई व सुमन" म्हणत नाहीस, तर त्या बरोबर असण्यात काही राम राहिला नाही.

आता ती दुसरी गोष्ट. विहाराच्या बारीत आम्ही स्वयंपाक करायचो तेव्हा तांदूळ निवडायला, भाजी चिरायला, वाढायला तू सगळ्यांच्या पुढे. पण पंगत बसायची वेळ झाली की तुझा उपास निघायचा. सोमवार निघायचा, चतुर्थी निघायची, मग कुठल्याशा नवसाचा शनिवार. शादीखान्यातही तेच. देवळाच्या बारीत मात्र तू पोटभर जेवायचीस. रजिया भाभी एकदा माझ्या कानाशी म्हणाल्या, "इनका उपास बड़ा होशियार है. जगह पहचानता है." तेव्हा मी हसले. घरी गेल्यावर हसू आलं नाही.

तुला विचारायचं मी अनेकदा ठरवलं. पण भुकेली पोरं पानावर बसलेली असताना हे कसं काढायचं? आणि तू सकाळपासून राबून घामाने निथळत, भात वाढत फिरत असायचीस. तुझ्याकडे पाहिलं की माझा राग अर्धा व्हायचा. उरलेला अर्धा मी घरी घेऊन जायची.

फुला बाळंत झाली ती देवळाच्या बारीत. पाटे टाचणाऱ्यांतली सगळ्यांत लहान सून, पहिलंच बाळंतपण. मी तिला वेळेवर सरकारी दवाखान्यात नेलं म्हणून बरं झालं. मुलगी झाली, बारीक, पण ठीक. तिला सोडायची वेळ आली तेव्हा पंचांचा निरोप आला, की बाळंतीण सभामंडपात आणू नका, सोयर आहे, देवाला चालत नाही.

दवाखान्याच्या फाटकापाशी मी तुला म्हटलं, "विहारात आणा तिला. आमच्याकडे विटाळ पाळत नाहीत." ते मी तुला लागावं म्हणूनच म्हटलं होतं, आणि ते तुला लागलं.

"नाई व सुमन," तू म्हणालीस. "बारी आमची आहे. आमच्या बारीत लेकरू झालं, ते आमच्याचकडे राहीन."

"पंच तर नाही म्हणतात."

"पंच देवळाचे. घर तर माह्यं आहे."

आणि तू रिक्षा बोलावून फुलाला सरळ तुझ्या घरी घेऊन गेलीस. स्वयंपाकघराला लागून असलेली ऊबदार खोली तिला दिलीस, तुझ्या सुनेच्या, मीनाच्या बाळंतपणातली बाज टाकलीस, शेगडी ठेवलीस. तुझे मालक गोविंदाभाऊ तुझ्याशी बोलेनासे झाले. सोयर फिटेपर्यंत नवरा शेतावर जेवण मागवतो, ही गोष्ट गावभर झाली. तुझ्या मंडळातल्या काही बायका भजनाला तुझ्या शेजारी बसेनात. तू मला यातलं काही सांगितलं नाहीस. मला मीनाकडून कळलं.

बाळाचं वजन पाहायला मी रोज यायची. सपरीत उभी राहायची, फुला बाळ घेऊन दारापर्यंत यायची, मी तिथंच तोलायची. एका दुपारी बाळ दूधच ओढेना. रडून रडून निळंजांभळं झालं होतं, फुलाही रडत होती. मी सपरीतून सांगत होते, असं धर, मान अशी घे. तेवढ्यात तू आतून ओरडलीस, "काय उभी राहून पाहून राहिली व तठी? आत ये ना."

मी आत आले. चप्पल कुठे काढली तेही आठवत नाही. फुलाच्या मागे बसले, बाळाचं डोकं माझ्या तळहातावर घेतलं, आणि थोड्या वेळाने ते दूध ओढायला लागलं. तू समोर जमिनीवर बसली होतीस. बाळाने घोट घेतल्याचा आवाज तेवढा येत होता. मान वर केली तर ती पितळी भांडी माझ्या डोक्यावरच्या फळीवर होती.

वच्छला, तू ते असं म्हणालीस, जणू इतकी वर्षं मीच हट्टाने बाहेर उभी होते. त्या वाक्याचा मला राग आला. आणि त्याच वाक्यासाठी तुझे पाय धरावे असंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं आणि अजूनही एकदमच वाटतं. त्या दिवसानंतर मी रोज आतच आले. तू त्याबद्दल कधी काही म्हणाली नाहीस. घाबरून बोललीस की ठरवून? बोलल्यावर मग तुला जाणवलं का, आपण काय बोललो? की तुला त्यात काही विशेष वाटलंच नाही? मी विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ते मला सांगता येत नाही. एरवी तुझं प्रत्येक उत्तर मला आधीच ठाऊक असायचं.

धान कापायला आलं तेव्हा तलावाच्या पल्याड जागा मिळाली. दोन कुटुंबं तोवर वाट पाहून नातेवाइकांकडे निघून गेली होती. उरलेल्यांना बांबू देवळाच्या लोकांनी आपल्या बांधावरचे तोडून दिले, विहारातल्या पोरांनी कुडाच्या भिंती उभ्या केल्या, रजिया भाभींच्या मालकांनी टिना बसवून दिल्या. पक्की घरं अजून झालेली नाहीत. त्यासाठी मी अजून चकरा मारते आहे आणि आता एकटीच मारते. साहेब बदलला आहे. नव्या साहेबाला तुझी देवाची गोष्ट सांगून पाहिली, पण ती मला तुझ्यासारखी सांगता आली नाही.

तेव्हाच तुझं पोट दुखायला लागलं होतं. तू ओवा चावत राहिलीस. गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता.

मी सकाळच्या गाडीने आले. मीना रात्रभर जागून दवाखान्यातच खाली अंघोळीला गेली होती. तुला उठून बसता येत नव्हतं. मी घरून पेज करून आणली होती, मऊ, पातळ. डबा उघडला तशी तू विचारलंस, "कोणी केली?"

"मी."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि तोंड उघडलंस. मी चमच्याने भरवत गेले, तू घेत गेलीस. शेवटी डब्यात बोट फिरवून पाहायला लावलंस, काही उरलं का म्हणून.

ती पेज मी हिशेबात धरत नाही, वच्छला. मरणाच्या दारातल्या माणसाला कसला उपास आणि कसला विटाळ? कुणीही दिली असती तर तू घेतली असतीस. मी स्वतःला असं समजावते. पण मग तू "कोणी केली" हे का विचारलंस? माझी नसती तर घ्यायची होती, की माझी असली तरच घ्यायची होती? गाडीत परत येताना सौंदडपर्यंत मी हेच दोन्ही बाजूंनी लावून पाहत होते. उद्या विचारीन, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तुलाच घरी आणलं.

फुला तलावापलीकडून पोर कडेवर घेऊन पायी आली. तुझ्या पायापाशी बसून ती तिच्या बोलीत रडली. ते शब्द तुझ्या नातेवाइकांना कळले नाहीत, मलाही सगळे कळले नाहीत. तुला उचललं तेव्हा ती फाटकापर्यंत मागे आली, मग पुढे जायचं की नाही हे न कळून तिथंच उभी राहिली. मी तिच्याशेजारी उभी राहिले. पोर आता चांगलं गुटगुटीत आहे. तुझ्या घरातल्या त्या खोलीत जे घडलं, त्यातलं एवढंच काय ते बाहेर चालतं-बोलतं होईल.

तुझ्या घरी चूल पेटणार नव्हती. जेवण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणायचं असतं. पहिल्या दिवशी तुमच्या मंडळातल्या बायकांनी आणलं, दुसऱ्या दिवशी तुझ्या माहेरच्यांनी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भात टाकला. वरण केलं, वांग्याची भाजी केली. का केलं ते सांगता येणार नाही. भाताचा मोठा डबा भरला, भाजी-वरणाची भांडी पिशव्यांत ठेवली आणि मग बसून राहिले. नेला आणि तो तसाच परत आला तर? किंवा कुणी काही न बोलता बाजूला ठेवला तर? रजिया भाभी तुझ्याकडे जायला म्हणून माझ्या दारात आल्या, त्यांनी डबा पाहिला. "क्या सोच रही हो? भूखे बैठे होंगे," म्हणाल्या आणि एक पिशवी त्यांनी उचलली.

गोविंदाभाऊ आतल्या भिंतीला टेकून बसले होते. दोन दिवसांत म्हातारे झालेले. पाहुणे बाजूला बसले होते. मीनाने माझ्या हातातला डबा पाहिला, मग सासऱ्याकडे पाहिलं. माझ्याशी ते आजवर कधी चार शब्द बोलले नव्हते. त्यांनी हात धुतला आणि म्हणाले, "वाढ."

मीनाने वाढलं. त्यांनी भातात वरण कालवलं, एक घास घेतला. मी दारापाशी उभी होते.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मीना मीठ आणायला उठली. त्यांनी हाताने तिला थांबवलं. "राहू दे. तिच्या हातचं बी असंच राहे." आणि मान खाली घालून ते जेवत राहिले. मग पाहुणेही एकेक करून पानावर बसले. भाभींनी भाजीचं भांडं घेतलं, मी भाताचं. मी तुझ्या घरात ओळीने सगळ्यांना वाढत गेले, आणि वाढता वाढता सवयीने पुढच्या माणसाला विचारणार होते, की वच्छलाचा आज कुठला उपास आहे.